‘जेंट्स की लेडीज?’ विचारू नका, ‘दिवसभर कुठे असता?’ ते विचारा



मागच्या शुक्रवारी दुपारी दुकानात जरा निवांतपणा होता. आपल्या बॅचमधली एक मुलगी आली. वय चोवीस-पंचवीस, डोळ्यांत चमक, हातात छोटासा खोका. म्हणाली, “मॅडम, माझा ब्रँड तयार आहे. सोमवारी ॲडव्हान्स भरतेय.”

खोका उघडला. आत हिरव्या काचेची सुंदर बाटली, लाकडी झाकण, लेबलवर पानाचं चित्र. खाली लिहिलेलं: निसर्गाच्या कुशीतून. शांत, स्वतंत्र आणि आत्मविश्वासू व्यक्तिमत्त्वासाठी. युनिसेक्स.

मी विचारलं, “छान आहे. पण हा कोणासाठी आहे?”

“सगळ्यांसाठी, मॅडम. युनिसेक्स आहे ना!”

पाचशे बाटल्यांची ऑर्डर, चाळीस हजार ॲडव्हान्स. पैसे कुठून, विचारलं तर आईची भिशी. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि दोन तास बोलले. त्या दोन तासांत जे बोलले तेच आज इथे लिहिते आहे, कारण हीच चूक मला दर महिन्याला दोन-तीन नवउद्योजकांकडून ऐकायला मिळते. आणि खरं सांगायचं तर, हीच चूक मी स्वतःसुद्धा केली होती. तीही सांगते, लाज न बाळगता.

माझं मत आधीच स्पष्ट सांगून टाकते. युनिसेक्स परफ्युम हा छोट्या दुकानदारासाठी उत्तम माल आहे. निसर्गप्रेरित सुगंधाला आपल्याकडे मागणी आहे आणि ती राहणार. पण ‘युनिसेक्स’ म्हणजे ‘सगळ्यांसाठी’ नाही, ‘निसर्गप्रेरित’ म्हणजे ‘नैसर्गिक’ नाही, आणि बाटलीवर छापलेलं ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणजे गिऱ्हाईक नाही. हे तीन घोळ निस्तरल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

सुगंधाला बाई-पुरुष कोणी केलं?

आपल्या घरातच बघा ना. दिवाळीत उटणं लावतो. त्यात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेच उटणं आजोबांना, बाबांना, आईला, पोरांना. कोणी विचारतं का, हे जेंट्स उटणं आहे की लेडीज?

लग्नात दारात उभं राहून मनगटाला अत्तर लावतात आणि गुलाबपाणी शिंपडतात. वरपक्षाचे काका असोत की मावशी, अत्तर एकच. वारीत कपाळी बुक्का लावतात, माळकरी बाबांना लावतात तसाच माऊलींनाही. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतो, ते पाणी घरातले सगळे पितात. जुने लोक अत्तराचा फाया कानात ठेवायचे, तो गुलाबाचासुद्धा असायचा आणि त्यांच्या मिशीला त्याने काही कमीपणा आला नाही.

म्हणजे आपल्याकडे सुगंध आधीपासूनच युनिसेक्स होता. निळी बाटली पुरुषांची आणि गुलाबी बाटली बायकांची, ही वाटणी बाजाराची आहे. परदेशातही तेच. १९९४ मध्ये केल्विन क्लाइनने ‘सीके वन’ आणला, बाई आणि पुरुष दोघांसाठी म्हणून उघडपणे विकला आणि तो जगभर गाजला. लोकांना वाटलं काहीतरी नवीन आलं. खरं तर युरोपातलं जुनं ‘ओ द कोलोन’ सुद्धा दोघंही लावायचे.

आपल्या मुंबईतल्या बॉम्बे परफ्युमरीने ‘चाय मस्क’ नावाचा परफ्युम काढला. बाई-पुरुष असा शिक्का नाही. नाव ऐकलं की टपरीवरचा चहा आठवतो, आणि तो चहा तर सगळेच पितात. नाव कसं ठेवावं हे शिकायचं असेल तर इथून शिका.

दुकानदाराचं गणित

आता भावना बाजूला ठेवू आणि कॅल्क्युलेटर काढू.

समजा तुम्हाला चार सुगंध ठेवायचे आहेत. जेंट्स-लेडीज वेगळे केले तर आठ प्रकार झाले. प्रत्येकी ६० नग धरले तर ४८० बाटल्या. खरेदी १५० रुपये धरा. कपाटात ७२,००० रुपये अडकले. तेच चार सुगंध युनिसेक्स ठेवले तर २४० बाटल्या, ३६,००० रुपये. उरलेले ३६,००० तुमच्या हातात खेळते राहतात. छोट्या दुकानाचा जीव खेळत्या पैशात असतो, शोकेसमध्ये नाही.

दुसरा फायदा घरातला. आपल्याकडे बरेच गिऱ्हाईक वन बीएचकेमध्ये राहणारे नवरा-बायको. सहाशे रुपयांची एक बाटली दोघं वापरणार म्हटल्यावर ‘महाग आहे’ हा शब्द तोंडातून कमी येतो. दोघं वापरतात म्हणून ती लवकर संपते आणि गिऱ्हाईक लवकर परत येतं.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हे सेल्समनचं बोलणं होईल. रक्षाबंधन, भाऊबीज, लग्नाचा सीझन आला की गिऱ्हाईक सरळ विचारतं, “भावाला द्यायचंय, जेंट्समध्ये दाखवा.” कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तिथे तुम्ही ‘सुगंधाला जेंडर नसतं’ असं भाषण सुरू केलंत तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. युनिसेक्स माल आपोआप विकला जात नाही. तो विकायला तुमच्याकडे प्रश्न लागतात. ते प्रश्न पुढे देते. आधी माझी फजिती ऐका.

माझ्या दोनशे बाटल्या

२०२१ ची गोष्ट. लॉकडाऊननंतर दुकान कसंबसं उभं राहत होतं. मी एका पुरवठादाराकडून स्वतःच्या नावाने २०० बाटल्या करून घेतल्या. वाळा आणि ओली माती. वास खरोखर सुंदर होता. लेबल मी स्वतः लिहिलं: १००% नैसर्गिक. पुरवठादार म्हणाला होता ‘नॅचरल’, मी विश्वास ठेवला. कागद मागितला नाही. बीबीएला सप्लाय चेन शिकलेली मी, आणि साधा एक प्रश्न विचारला नाही!

साठ बाटल्या पटापट गेल्या. मग एक दिवस आमच्या नेहमीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. बाटली हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अगं, वाळ्याचं खरं तेल काय भावाने मिळतं, तुला माहीत आहे का? आणि तू ही बाटली साडेतीनशेला कशी देतेस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाई गेल्यावर पुरवठादाराला फोन लावला. तो हसत म्हणाला, “मॅडम, नॅचरल म्हणजे नॅचरल टाइप!”

त्या रात्री झोप लागली नाही. दुकान मॉलमध्ये असतं तर कदाचित विसरले असते. पण पळस्पे हे गाव आहे. इथे ज्या बाईला सकाळी परफ्युम विकला ती संध्याकाळी भाजीला भेटते. त्यात एका ताईंना अंगावर ॲलर्जी उठायची, त्यांनी ‘नैसर्गिक आहे ना, मग चालेल’ म्हणून घेतलेला. त्यांना मी सर्वात आधी फोन केला. सुदैवाने काही झालं नव्हतं.

मग उरलेल्या १४० बाटल्यांची लेबलं आईबरोबर बसून गरम पाण्याने काढली. नवीन लेबल लावलं: वाळा आणि ओल्या मातीच्या वासावरून प्रेरित. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं की माझ्याकडून चूक लिहिलं गेलं, हवं तर पैसे परत घ्या. अकरा जणांनी घेतले. बाकीचे म्हणाले, “वास आवडलाय, राहू दे.” पैसे गेले, छपाई गेली, त्या महिन्याचा नफा गेला. पण त्या शिक्षिकाबाई आजही माझ्याकडेच येतात, आणि नातेवाइकांना घेऊन येतात. ‘खोटं बोलली नाही’ ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

निसर्गप्रेरित म्हणजे नक्की काय?

हा भाग नीट वाचा, कारण इथेच बहुतेक जण फसतात आणि नकळत फसवतात.

ओल्या मातीचा वास घ्या. जूनमध्ये कर्नाळ्याच्या बाजूने पहिली सर येते, फाट्यावरच्या धुळीवर पडते, आणि डिझेलच्या वासातूनसुद्धा तो वास नाकाला बरोबर लागतो. या वासाला शास्त्रज्ञांनी नाव दिलं १९६४ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी ‘पेट्रिकोर’ हा शब्द आणला. त्या वासातला एक मोठा वाटेकरी म्हणजे जिओस्मिन नावाचं रसायन. मातीतले सूक्ष्म जीव ते बनवतात आणि माणसाचं नाक ते अतिशय कमी प्रमाणातही ओळखतं.

पण उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले हा वास त्याच्या कितीतरी आधीपासून बाटलीत भरत होते. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये पाण्यासोबत तापवायचे, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात न्यायची आणि तिथे चंदनाच्या तेलात ती मुरवायची. याला मिट्टीचं अत्तर म्हणतात. हे खरं नैसर्गिक, आणि म्हणूनच महाग.

आता गुलाब. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. दादरच्या फुलबाजारातला भाव डोळ्यासमोर आणा आणि स्वतःच हिशोब करा. तीनशे रुपयांच्या बाटलीत खरं गुलाबतेल असेल का? असलं तर थेंबाचा कितवा भाग असेल?

मग तीनशेची बाटली म्हणजे फसवणूक का? अजिबात नाही. प्रयोगशाळेत तयार झालेले सुगंधी घटक हा आजच्या परफ्युम उद्योगाचा कणा आहे. मोठमोठे ब्रँड तेच वापरतात. एर्मेस या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये केरळच्या पावसावरून प्रेरणा घेऊन एक परफ्युम आणला. तो बनवला जाँ-क्लोद एलेना या नामवंत परफ्युमरने. त्या बाटलीत केरळचं पाणी भरलेलं नाही, केरळचा पाऊस पडून गेल्यावर जे वाटतं ते त्याने सुगंधात मांडलं. याला म्हणतात निसर्गप्रेरित. प्रेरणा निसर्गाची, हात माणसाचा. आणि तसं सांगून विकलं तर त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

अजून एक गैरसमज. ‘नैसर्गिक म्हणजे त्वचेला सुरक्षित’ असं डोळे मिटून सांगू नका. लिंबूवर्गीय फळांत, गवती चहात, लव्हेंडरमध्ये असलेल्या नैसर्गिक घटकांचीही काही लोकांना ॲलर्जी येते. बर्गमॉटचं काही प्रकारचं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. म्हणून नैसर्गिक असो की कृत्रिम, आधी थोडं लावून बघा, हेच सांगायचं.

‘व्यक्तिमत्त्व’ नावाचं गाजर

आता मुख्य मुद्दा. खोक्यावर काय लिहिलेलं असतं? आत्मविश्वासू. स्वतंत्र विचारांच्या व्यक्तीसाठी. गूढ. साहसी.

मला सांगा, दुकानात येऊन कोणी म्हणेल का, “मी जरा आत्मविश्वास नसलेली आहे, माझ्यासाठी काही दाखवा”? हे वर्णन पेपरातल्या राशिभविष्यासारखं आहे, कोणालाही लागू पडतं. आणि जे सगळ्यांना लागू पडतं ते कोणालाच आपलं वाटत नाही.

माझ्या मते परफ्युम माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या दिवसाला शोभावा लागतो. दिवस कसा जातो, घाम किती येतो, शेजारी कोण बसतं, घरी गेल्यावर कोण मिठी मारतं. व्यक्तिमत्त्व त्यातूनच दिसतं.

आमच्या फाट्याचंच बघा. इथे मुंबई-पुण्याचा जुना रस्ता आणि गोव्याचा रस्ता एकमेकांना भेटतात. कंटेनरचे ड्रायव्हर, गोदामातली पोरं, पनवेलला बँकेत जाणाऱ्या मुली, नव्या टॉवरमधली कुटुंबं, गणपतीत कोकणात निघालेले चाकरमानी, सगळे माझ्या दुकानासमोरून जातात.

एक ट्रक ड्रायव्हर भाऊ दर दोन महिन्यांनी मोगऱ्याचं छोटं अत्तर घेतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी सवयीने विचारलं, “वहिनींसाठी का?” ते लाजले आणि म्हणाले, “नाही ओ, केबिनमध्ये बसलं की घरासारखं वाटतं.” माझ्या एका प्रश्नाने त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. कदाचित दुसरा कोणी ती बाटली खाली ठेवून निघून गेला असता. त्या दिवसापासून आमच्या काउंटरवर ‘जेंट्स की लेडीज’ हा प्रश्न बंद.

एक नर्सताई आहेत. त्यांना वाळ्याचा हलका सुगंध आवडतो, पण ड्युटीवर त्या काहीच लावत नाहीत, कारण पेशंटला उग्र वास सोसत नाही. त्या घरी जाऊन अंघोळीनंतर लावतात. त्यांना ‘बारा तास टिकणारा, दमदार’ परफ्युम विकणं म्हणजे त्यांचा दिवसच न समजणं.

तीन प्रश्न

आता हे लिहून घ्या. काउंटरवर चिकटवून ठेवा.

पहिला प्रश्न: दिवसभर कुठे असता?
एसी ऑफिसमध्ये बसणाऱ्याला हलका सुगंधही पुरतो. दुचाकीवर फिरणाऱ्याला, लोकलने जाणाऱ्याला, किचनमध्ये उभं राहणाऱ्याला आपल्या दमट हवेत लिंबू-संत्र्याचे वरवरचे वास लवकर उडून जातात. त्यांना वाळा, चंदन, लाकूड असा बुडाला जड असलेला सुगंध दाखवा. तो घामातही तग धरतो.

दुसरा प्रश्न: लहानपणीचा कोणता वास आठवला की बरं वाटतं?
हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न. कोणी म्हणतं पहिला पाऊस. कोणी आजीचं कपाट, कोणी मामाच्या अंगणातली बकुळ, कोणी चहात टाकलेली गवती चहाची पात. वेंगुर्ल्याकडचं गिऱ्हाईक असेल तर सुरंगीच्या वळेसराचं नाव घेईल आणि पाच मिनिटं गावच्या गोष्टी सांगेल. सांगू द्या! माणूस इथे स्वतः तुम्हाला आपलं व्यक्तिमत्त्व सांगत असतो, तेही फुकट. आणि गंमत म्हणजे पाऊस, माती, बकुळ, कैरी यातलं काहीच जेंट्स किंवा लेडीज नसतं.

तिसरा प्रश्न: किती लांबून कळायला हवा?
काहींना वाटतं आपण खोलीत शिरलो की सगळ्यांनी मान वळवावी. काहींना वाटतं फक्त जवळ बसलेल्यालाच कळावा. हा स्वभावाचा खरा फरक आहे. यावरून तीव्रता ठरवा. साधारणपणे ओ द तुआलेतमध्ये सुगंधी अर्क कमी असतो, ओ द परफ्युममध्ये जास्त, अगदी ढोबळ धरलं तर पहिल्यात १० टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्यात १५ ते २०.

आता तुम्ही विचाराल, मॅडम, मग हा वाळा-ओली माती-गवती चहा असा निसर्गप्रेरित युनिसेक्स सुगंध नक्की कोणाला शोभतो? माझा अनुभव सांगते. ज्याला मिरवायचं नाही पण स्वच्छ, ताजं वाटायला हवं त्याला. जो दिवसभर माणसांत असतो पण थोडा स्वतःपुरता जगतो त्याला. ज्याचं गाव सुटलंय पण आठवण सुटली नाही त्याला. यात तेवीस वर्षांचा डिलिव्हरी बॉय बसतो आणि बावन्न वर्षांच्या अंगणवाडीताईही बसतात. ज्यांना लग्नाच्या हॉलमध्ये उठून दिसायचंय त्यांना हा शोभत नाही. त्यांना ऊद, गुलाब, गोडसर असं काहीतरी दाखवा आणि तसं स्पष्ट सांगा. ‘हा तुमच्यासाठी नाही’ हे सांगणारा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो.

आणि हो, बाटलीच्या तोंडाशी नाक लावून कोणाला निर्णय घ्यायला लावू नका. मनगटावर एक फवारा, घासायचं नाही, आणि सांगा, “समोर चहा पिऊन या.” पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत वरचा वास जातो, खरा सुगंध नंतर उलगडतो. काही जण परत येत नाहीत. चालेल. जे परत येतात ते विचार करून घेतात, आणि भांडायला येत नाहीत.

बनवणारे मोठे आहेत, ओळखणारे आपण

आपल्या मराठी माणसाचं या धंद्यातलं मोठं उदाहरण आपल्या जवळच आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी, मुंबईत १९२२ मध्ये सुरू झाली. शंभर वर्षं झाली, आज ‘केवा’ नावाने ओळखली जाते, आणि तिचा एक कारखाना आपल्याच रायगडात, खालापूर तालुक्यात आहे. साबणापासून अगरबत्तीपर्यंत दुसऱ्यांच्या मालात जाणारा सुगंध अशा कंपन्या बनवतात. मुलुंडच्या वझे-केळकर कॉलेजात परफ्युमरीचं शिक्षणही मिळतं. कनौजला केंद्र सरकारच्या एमएसएमई खात्याची एफएफडीसी ही संस्था १९९१ पासून आहे, ती छोटे कोर्स घेते. शिकायचं असेल तर दारं उघडी आहेत.

पण मुद्दा हा की सुगंध बनवण्यात आपण त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही आणि करायची गरजही नाही. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे. आपल्याकडे काउंटर आहे. तो ट्रक ड्रायव्हर भाऊ त्यांना कधी भेटला नाही, मला भेटला. छोट्या उद्योजकाचं भांडवल तेच.

स्वतःचा ब्रँड काढायचाच असेल तर एवढं मात्र पाळा. परफ्युम हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. ते बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. घरच्या किचनमध्ये स्पिरिट आणून मिसळणं हा उद्योग नाही, तो धोका आहे, आगीचाही आणि कायद्याचाही. परवाना असलेल्या उत्पादकाकडून करून घ्या आणि त्याच्या परवान्याची प्रत मागा. सुगंधात काय आहे त्याचा कागद मागा. लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, प्रमाण, एमआरपी, बॅच नंबर, तारीख आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा. परफ्युम ज्वलनशील असतो, त्यामुळे कुरिअरवाल्याला न सांगता पार्सल करू नका. आणि बाटल्या उन्हातल्या शोकेसमध्ये सजवू नका, उष्णतेने आणि उजेडाने वास बिघडतो.

मग त्या मुलीचं काय झालं?

तिने सोमवारी ॲडव्हान्स भरला नाही. मी भरू नको म्हटलं नव्हतं. एवढंच म्हटलं की एक आठवडा थांब, हातातली सॅम्पलची बाटली घे आणि वीस लोकांना मनगटावर लावून बघ. नातेवाईक सोडून. तीन प्रश्न विचार, आणि शेवटी विचार, “पाच एमएलचा टेस्टर साठ रुपयांना आहे, घेणार का?” छान म्हणणारे मोजू नकोस, पैसे काढणारे मोज.

वीसपैकी सोळा जण ‘मस्त’ म्हणाले. पैसे काढले चौघांनी. एक कुरिअरवाला मुलगा, एक अंगणवाडीताई, एक बँकेतली मुलगी आणि एक रिक्षावाले काका. ती जरा हिरमुसली होती. मी म्हटलं, अगं, या चौघांत समान काय आहे ते बघ. चौघंही दिवसभर घराबाहेर, उन्हात नाहीतर गर्दीत, आणि चौघांनीही दुसऱ्या प्रश्नाला पावसाचं नाव घेतलं होतं. तुझं गिऱ्हाईक सापडलं! चार माणसं म्हणजे बाजार नव्हे, पण सुरुवात कुठून करायची ते कळलं.

आता ती लेबल बदलतेय. ‘शांत, स्वतंत्र, आत्मविश्वासू’ काढून टाकलं. ‘निसर्गाच्या कुशीतून’ सुद्धा गेलं. नवीन ओळ तिने स्वतः लिहिली: दिवसभर बाहेर असणाऱ्यांसाठी, पहिल्या पावसाच्या वासावरून. पाचशेऐवजी पन्नास टेस्टरचा प्रयोग आधी करणार आहे. हे चालेल की नाही, मला माहीत नाही आणि मी खोटी खात्री देणार नाही. पण आईची भिशी अजून बँकेत आहे, एवढं मात्र खरं.

आमच्या गावाच्या नावात पळस आहे. पळस फुलला की लांबून दिसतो, पेटल्यासारखा. पण त्या फुलाला वास नाही. जुन्या संस्कृत सुभाषितात रूप आहे, घराणं आहे पण विद्या नाही अशा माणसाला पळसाच्या फुलाची उपमा दिली आहे. बाटली, झाकण, लेबल, इन्स्टाग्राम हे सगळं पळसाचं फूल झालं. आपल्या धंद्यातली विद्या म्हणजे समोरच्या माणसाचा दिवस ओळखणं. तो वास असेल तर लोक आपोआप शोधत येतात.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्ही परफ्युम विकत नसाल तरी चालेल. तुमच्या मालाच्या लेबलवरचं वर्णन वाचा आणि त्यातला जो शब्द सगळ्यांनाच लागू पडतो तो खोडा. मग पाच गिऱ्हाईकांना विचारा, “दिवसभर कुठे असता?” उत्तरं वहीत लिहा, मोबाइलमध्ये नको, वहीतच. पुढच्या व्हिडिओत त्याच वहीवरून किंमत कशी ठरवायची ते सांगते.

तोपर्यंत गल्ला सांभाळा आणि शब्दही सांभाळा. भेटूया!